केतकीचा सराव

“तुम्ही निघताना किती कपडे घेतले होतेत?” केतकीने विचारलं.

बोटीतली आमची खोली एवढी लहान होती की दोघींना एकदम उभं राहायचं तर एकीला बिछान्यावर पाय वर घ्यावे लागत. मी सायकलच्या पिशवीत पावसाळी जाकीट कोंबत होते. गोल खिडकीच्या थेट खाली पाणी होतं आणि काचेपलीकडून एक बदक चाललं होतं.

“तीन टी-शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर,” मी म्हणाले. “का गं? तुला काही कमी पडतंय का?”

“नाही, ते नाही.” आणि ती जिना चढून वर निघून गेली.

ही सहलीची दुसरी सकाळ. साल दोन हजार बारा, मे महिना. ॲमस्टरडॅमहून निघून हॉलंडच्या नद्या-कालव्यांतून खाली उतरायचं, बेल्जियमच्या फ्लेमिश भागातून ब्रुजला पोचायचं, असा आठ दिवसांचा बेत. दिवसा सायकल, मुक्कामाला बोट. आम्ही निघालो की बोटही निघायची आणि संध्याकाळी पुढच्या गावाच्या धक्क्यावर आमची वाट बघत उभी असायची. एकूण अठरा जण होतो आणि त्यांत भारतीय आम्ही दोघीच.

केतकी माझी कोण, हे मला आजही पटकन सांगता येत नाही. माझ्या नवऱ्याची, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी जो माझा नवरा होता त्याची, ती दुसरी बायको. आमचा घटस्फोट झाल्यावर दोन वर्षांनी जयवंतने तिच्याशी लग्न केलं. ती आमच्यामध्ये आली वगैरे काही नव्हतं. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला तेव्हा मी नाशिकला घराच्या अंगणात सायकलची साखळी पुसत बसले होते. “मी केतकी राजाध्यक्ष बोलतेय, पुण्याहून. जयवंतची बायको.”

“जयवंतला काही झालं का?”

“नाही, नाही. तो छान आहे.” मग एका दमात तिने सगळं सांगितलं. हॉलंडची सायकल सहल आहे, दोघींची खोली घेतलीय, मैत्रिणीचं ऐन वेळी रद्द झालं. “तुम्ही याल का? तुम्ही सायकल चालवता, मला माहितीय.”

“कोणी सांगितलं?”

“जयवंतने,” ती म्हणाली.

मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली, शाळेत जायचे ती सायकलवरच. नुकतीच निवृत्ती घेतली होती आणि लांब कुठेतरी जायचं मनात होतं. तरीही कोणत्याही शहाण्या बाईने नाहीच म्हटलं असतं. माझी बहीण म्हणाली, “वेड लागलंय का तुला? ती बोलावते आणि तू जातेस?” मी तिला म्हटलं, सहल चांगली आहे. खरं कारण असं, की जयवंत ज्या बाईबरोबर बावीस वर्षं राहिला ती दिसते कशी, बोलते कशी, हे मला बघायचं होतं. माझ्याबरोबर तो चार वर्षंसुद्धा धड राहिला नव्हता.

विमानतळावर भेटली ती चव्वेचाळिशीची, बारीक अंगाची, कानापर्यंत आखूड केस कापलेली बाई. मी अहो-जाहो करायला लागले तर म्हणाली, “मला तू म्हणा, वृंदाताई. मी लहान आहे तुमच्यापेक्षा.” सायकल तिने दोनच महिन्यांपूर्वी नव्याने शिकायला घेतली होती. तिकडच्या सायकलींना उलटं पेडल मारलं की ब्रेक लागतो. पहिल्याच दिवशी तिने सवयीने पेडल मागे फिरवलं आणि गवतात आडवी झाली. आमचा वाटाड्या वाउटर, साठीचा उंच माणूस, धावत आला. ती उठून कपडे झटकत म्हणाली, “परत.” आणि परत बसली. त्या दिवशी ती चार वेळा पडली आणि चारही वेळा कोणाचा हात न धरता उठली.

पण मला ती कळेना. पाठीमागून वारा असला की ती माझ्या शेजारी यायची आणि बघत राहायची. मी पिशवी कशी बांधते, पाणी कधी पिते, नकाशा कसा घडी घालते. तिथे प्रत्येक नाक्यावर नंबराची हिरवी-पांढरी पाटी असते. बावीसवरून सत्तावन्नला जा, सत्तावन्नवरून तीनला. मी सकाळी ते नंबर हातावर पेनने लिहायचे. तिसऱ्या दिवसापासून तीही लिहायला लागली. किंडरडाइकला पवनचक्क्यांची रांग बघायला सगळे थांबले होते, तेव्हा ती पवनचक्क्यांकडे पाठ करून मला म्हणाली, “घराची किल्ली तुम्ही बरोबर नेलीत की ठेवून आलात?”

“शेजारी दिलीय. झाडांना पाणी घालायला.”

ती हसली. दमल्यासारखं हसली.

दिवसातून चार वेळा जयवंतचा फोन यायचा. तो आला की ती सायकल उभी करून लांब जायची आणि उभी राहून बोलायची. मला ऐकू यायचं ते असं: “हो. चीज-ब्रेड. नाही, दुपारी सूप होतं. निळा. नाही, निळाच घातलाय.” परत येताना तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा असायचा, एक सुरकुती नाही.

“मी बरोबर आहे हे त्याला माहितीय?” चौथ्या दिवशी मी विचारलं.

“नाही. त्याला वाटतंय माझी शाळेतली मैत्रीण नंदिनी आहे.”

“का?”

“सांगेन ना,” ती म्हणाली आणि पुढे निघाली.

मी नाना तर्क केले. जयवंत आजारी असेल आणि मी येऊन भेटावं असं तिला वाटत असेल. तसं म्हणावं तर ती म्हणाली होती, छान आहे. तिला माझी दया येत असेल का? की माझ्या मनात अजून काही शिल्लक आहे का, हे चाचपून बघायचं असेल? रस्ता बांधाच्या माथ्यावरून जायचा. डाव्या हाताला नदी आणि उजव्या हाताला, नदीच्या पातळीच्याही खाली, गायी चरत असायच्या. गायींच्या डोक्यावरून मालवाहू बोटी जाताना दिसायच्या. पाणी वर आणि जमीन खाली, हे डोळ्यांना काही केल्या पटायचं नाही. मला त्या आठवड्यात सगळंच तसं दिसत होतं. रागही धड येत नव्हता, कारण बाई गोड होती. मी सँडविच बांधून घ्यायला विसरले तर तिने माझ्यासाठी एक जास्तीचं बांधलेलं असायचं.

सहाव्या दिवशी सकाळी अँटवर्पहून निघालो. तिथे शेल्ड नदीच्या खालून पायी आणि सायकलने जायचा जुना बोगदा आहे. सायकल धरून लाकडी सरकत्या जिन्याने खोल उतरायचं आणि पांढऱ्या फरशांच्या लांबलचक नळीतून पलीकडे जायचं. बाकीचे सायकलवर बसून गेले. केतकी सायकल हातात धरून सावकाश चालत राहिली. मी शेवटची होते, कारण वाउटरने पिवळं जाकीट मला दिलं होतं. पिवळं जाकीट ज्याच्या अंगावर तो कायम सगळ्यांच्या मागे असायचा, म्हणजे कोणी सुटायला नको.

मध्यावर थांबून तिने फोन काढून बघितला. “रेंज नाही,” ती म्हणाली. एवढं समाधान मी तिच्या आवाजात आधी ऐकलं नव्हतं. मग भिंतीला टेकून उभी राहिली. “वृंदाताई, पहिल्या रात्री तुम्ही कुठे झोपलात?”

“कुठल्या पहिल्या रात्री?”

“घर सोडलंत त्या.”

मी तिच्याकडे बघत राहिले. मागून दोन सायकली घंटी वाजवत आल्या, आम्हाला बाजूला व्हावं लागलं. “मी कुठलं घर सोडलं?” मी म्हणाले, पण त्या घंट्यांच्या गडबडीत तिने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. “असू दे,” ती म्हणाली. “तुम्हाला त्रास होत असेल तर नको.”

त्याच दुपारी ती नाहीशी झाली.

वाउटरची एक पद्धत होती. वळण आलं की तो आपल्या मागच्या माणसाला तिथे उभं करायचा. तो माणूस सगळ्यांना हाताने वाट दाखवायचा आणि पिवळं जाकीट दिसलं की शेवटच्याबरोबर निघायचा. त्या दुपारी अशाच एका वळणावर केतकीला उभं केलं होतं. माझ्या पुढच्या ऑस्ट्रेलियन आजोबांची साखळी निसटली, ती बसवण्यात माझी दहा मिनिटं गेली. आजोबांना पुढे पाठवून, हात पुसून मी वळणावर पोचले तर तिथे कोणीच नव्हतं. तीन रस्ते फुटत होते. एक बांधावरून सरळ, एक खाली खेड्यात, एक नदीकडे. मी हाका मारल्या. तिचा फोन बंद. पडली असेल म्हणून खेड्याच्या रस्त्याने दगडी फरसबंदीवरून खडखडत चर्चपर्यंत जाऊन आले. एक बाई खिडक्या धूत होती, तिला खुणेने विचारलं, तिने मान हलवली.

परत वळणावर येऊन नदीकडे बघितलं तर पलीकडच्या काठावर केतकीचं लाल जाकीट दिसलं.

तिथे पायी आणि सायकलवाल्यांना नेणारी एक छोटी होडी असते. होडी पलीकडे उभी होती. मी वाउटरला फोन करून सांगितलं, आम्ही दोघी एकत्र आहोत, मागून येतो. होडी येईपर्यंत मी काठावर उभी राहिले आणि केतकी पलीकडून माझ्याकडे बघत राहिली. तिने हात केला नाही. मीही केला नाही.

उतरून मी तिच्याजवळ गेले. ती धक्क्याच्या दगडावर बसली होती, सायकल शेजारी आडवी.

“कुठे चालली होतीस?”

“कुठे नाही. जाता येतं का ते बघत होते.”

“म्हणजे?”

“सराव,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. “मी ब्रुजहून घरी जाणार नाहीये, वृंदाताई. माझा भाऊ श्रीरंग आइंडहोवनला असतो, तो न्यायला येणार आहे. आमच्या मुलाला सांगितलंय. जयवंतला नाही.”

मी तिच्या शेजारी बसले. “मारतो का तो?”

“नाही. मारत नाही.” तिने बुटाच्या टोकाने एक खडा पाण्यात ढकलला. “मागच्या वर्षी त्याला न विचारता केस कापले. एकोणीस दिवस बोलला नाही. जेवायला वाढलं की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत. विसाव्या दिवशी म्हणाला, आता आमटी जरा बरी झालीय. आणि मला इतका आनंद झाला, वृंदाताई. त्या आनंदाची मला भीती वाटली.”

मी तिच्या कानापर्यंतच्या केसांकडे बघितलं.

“भांडण झालं की तो एकच सांगतो. बावीस वर्षं ऐकतेय. ‘वृंदाची गोष्ट वेगळी होती. ती एका सकाळी उठली, सायकलला दोन पिशव्या अडकवल्या आणि निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. तुझ्यात ती धमक नाही. तू कुठे जातेस?’” ती माझ्याकडे वळली. “म्हणून तुम्हाला बोलावलं. आठ दिवस बरोबर राहिले तर कळेल, असं वाटलं. तुम्ही कसं केलंत ते. काय घेतलंत, किल्लीचं काय केलंत, कुठे झोपलात. मला सगळं सांगा.”

आठवडाभराचे सगळे प्रश्न तेव्हा एकदम जागेवर बसले. पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही कमी झाला नाही. सायकलला पिशव्या अडकवून निघालेली ती बाई मला समोर दिसली. सकाळची वेळ, सरळ पाठ, ओढणी कमरेला खोचलेली. मला ती फार आवडली. बावीस वर्षं ती पुण्यात एका घरात माझ्या नावाने राहत होती आणि मला पत्ता नव्हता. नुसतं हो म्हणायचं होतं. दोन-चार गोष्टी रचून सांगितल्या असत्या तर केतकीने त्या शिदोरीसारख्या बांधून घेतल्या असत्या.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. वाऱ्याने लाल झालं होतं. ती अर्धी निघून गेलेलीच होती, नुसता निरोप घ्यायचा राहिला होता. मला जे जमलं नाही ते हिला जमावं, हे मला सोसेना.

“मी गेले नाही,” मी म्हणाले. “तो गेला.”

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. जयवंत दोन महिन्यांच्या कामासाठी म्हणून पुण्याला गेला आणि चौथ्या महिन्यात वकिलाचं पत्र आलं. मी तीनदा पुण्याला गेले. पहिल्यांदा त्याने चहा पाजला आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं. दुसऱ्यांदा भेटला नाही. तिसऱ्यांदा मी त्याच्या ऑफिसात बाहेरच्या वेताच्या खुर्चीवर सकाळी दहापासून बसले. शिपायाने दोनदा पाणी आणून दिलं. चार वाजता तिथली मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, साहेब मागच्या दाराने दुपारीच गेले. तुम्ही उगाच बसू नका.” तरी मी आणखी थोडा वेळ बसले. “आणि सही केल्यावरही दोन वर्षं मी दर शनिवारी त्याच्या आवडीची भरली वांगी करत होते,” मी म्हणाले. “न जाणो, आला तर.”

हे मी माझ्या बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं.

होडीवाला पाइप ओढत आमच्याकडे बघत होता. “म्हणजे तुम्ही कधी निघालाच नव्हतात,” केतकी म्हणाली.

“नाही.”

“मग त्याला सोडून आजवर कोणीच गेलेलं नाही.”

“नाही. कोणीच नाही.”

तिने मान डोलावली, सायकल उभी केली आणि होडीत चढली.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी जरुरीपुरतंच बोलली. रागावलेली नव्हती. गेंटमध्ये पाऊस लागला, आम्ही एका कमानीखाली उभ्या होतो, तिचा फोन वाजला आणि ती नेहमीसारखी लांब न जाता माझ्या शेजारी उभी राहूनच बोलली. “हो. बटाटे. हो, छत्री आहे.” आवाज अगदी घरचा. मला वाटलं, संपलं, ही परत जाणार. आधार म्हणून जिला धरायला आली ती बाईच नव्हती म्हटल्यावर आणखी काय करेल? रात्री मला शांत झोप लागली, हेही खरं आहे.

ब्रुजला शेवटच्या सकाळी सगळे धक्क्यावर सामान घेऊन उभे होते. वाउटर एकेकाला मिठी मारत होता. माझी विमानतळाची गाडी यायची होती. तेवढ्यात एक निळी मोटार येऊन थांबली आणि केतकीसारख्याच नाकाचा एक माणूस उतरला. श्रीरंगने मला वाकून नमस्कार केला, बॅग उचलली.

मी केतकीला बाजूला घेतलं. “मला वाटलं तू बेत बदललास.”

“का?”

“मी तुला सांगितलं त्यानंतर...”

“त्यानंतरच तर ठरलं,” ती म्हणाली. “त्याच्या गोष्टीतल्या वृंदाची मला दहशत होती, ताई. घरातून निघायचं म्हणजे तिच्यासारखं निघायला हवं, मागे न बघता. ते मला जन्मात जमलं नसतं. मी तर आत्ता बघा, रडतेय.” ती खरंच रडत होती, पण बोलणं थांबवत नव्हती. “तुम्ही त्या खुर्चीवर बसलात ना, तशी मी बावीस वर्षं बसलेय. तशा बाईला उठता येतं का, एवढंच बघायचं राहिलंय.”

ती गाडीत बसली. मागच्या काचेतून गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

भावाकडे ती सात महिने राहिली. मग पुण्याला परतली, पण राजाध्यक्षांच्या घरी नाही. आता कोथरूडला राहते, एका प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम करते. रीतसर घटस्फोटाला साडेतीन वर्षं लागली. आम्ही वर्षातून एकदा-दोनदा भेटतो. त्या होडीचा विषय तिने परत कधी काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

जयवंतचा फोन मात्र मी ब्रुजहून आल्यावर चौथ्या दिवशी आला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी भाजी निवडत होते. आवाज ओळखूच आला नाही. म्हातारा, घोगरा कोणीतरी बोलत होता.

“वृंदा, मी जयवंत. तू होतीस तिच्याबरोबर. आता कळलं मला.”

“हो.”

“काय भरवलंस तिच्या डोक्यात?”

“काही नाही. तू तिला माझ्याबद्दल जे सांगितलं होतंस ते खरं नाही, एवढं सांगितलं. मी गेले नव्हते, तू गेला होतास.”

“सगळं सांगितलंस?”

“सगळं.”

मग तो बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता. गणित चुकलेल्या माणसासारखा बोलला.

“मग तर ती परत यायला हवी होती,” तो म्हणाला.

“मलाही तसंच वाटलं होतं,” मी म्हणाले.